हरणांसाठी कुरण

ताडोबातली नवेगाव, जामणी ही गावं जंगलाबाहेर वसवली गेली आणि त्यांची शेतं मोकळी झाली. तिथं आता चितळं चरतात. पण नुसती पडीक जमीन म्हणजे कुरण नव्हे! पडीत आधी घुसतो तरोटा, मग रानतुळस, घाणेरी. हरणं यांना सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून हे तण बी धरण्याआधी मुळासकट उपटायचं. सगळ्यात चिवट काम हेच. एका पावसाळ्यात ते आटपत नाही, कारण जुनं बी मातीत दबा धरून बसलेलं असतं. मग पेरायचं मारवेल, पवन्या या गोड गवतांचं बी, आणि तेही स्थानिकच हवं. कुसळी हे गवत मात्र हरणं कोवळं असेतोवरच खातात, पुढं त्याची कुसळं टोचतात. कुरण जमलं की चितळं येतात, आणि त्यांच्या मागोमाग वाघही.