काँक्रीटमधील हवा : उपकारक आणि अपकारक



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु लालबर्रा परिसरात मातीच्या भिंती आणि कवेलू जाऊन त्यांच्या जागी स्लॅब येत असताना, त्या स्लॅबच्या पोटात काय दडलेले असते हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने तो निवडला आहे.

बुडबुडा हा शब्द आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. काँक्रीटमधला बुडबुडा मात्र चिरंजीव असतो. सिमेंट आवळले की तो तेथेच कायमचा बंदिस्त होतो. हा बुडबुडा सर्वत्र शत्रूच असतो असे नाही. आपल्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याचे दगड दळून त्यांच्या लगद्यात फेस उठवतात. तांब्याचे कण त्या फेसाला चिकटून वर येतात. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात असे आढळले की, न्यूयॉर्क राज्यातील काही रस्ते हिमाच्या माऱ्याला इतरांपेक्षा चांगले तोंड देत होते. शोध घेता, त्यांचे सिमेंट दळताना चरबी वापरली गेली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये असंख्य सूक्ष्म बुडबुडे राहिले होते, हे कळले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. त्या फुगवट्याचा ताण हे बुडबुडे सोसतात. तेव्हापासून थंड देशांत हवा मुद्दाम मिसळू लागले. वैनगंगेच्या खोऱ्यात छतातले पाणी गोठत नाही. येथे ती हवा निव्वळ पोकळी होय, आणि पोकळीची किंमत बळाने मोजावी लागते : एक टक्का जादा हवेमागे दाबशक्ती सुमारे पाच टक्क्यांनी घटते.

आता ही नको असलेली हवा येते कोठून? पूर्वी ती मुख्यतः अपुऱ्या कुटाईतून येई. अलीकडे तिला दुसरी वाट सापडली आहे. पाणी कमी घालूनही काँक्रीट प्रवाही राहावे म्हणून आपण जी द्रवरूप औषधे वापरतो, त्यांतील पॉलिकार्बोक्सिलेट वर्गाची औषधे १९८० च्या दशकात जपानमधून पुढे आली. ती सिमेंटचे कण एकमेकांपासून दूर ठेवतात. पण त्याच वेळी पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. साबणाच्या पाण्याप्रमाणे मग मिश्रण ढवळताना फेस धरते. कागद कारखान्यांतून मिळणाऱ्या लिग्नोसल्फोनेटचाही हाच स्वभाव आहे.

यावरचा उपाय म्हणजे फेसनाशक. गुऱ्हाळावर ज्यांनी काहील उतू जाताना पाहिली असेल, त्यांना तो नवा नाही. रसावर फेस चढू लागला की गुळव्या थोडे एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल शिंपडतो आणि फेस बसतो. काँक्रीटमध्ये तेच काम ट्रायब्युटिल फॉस्फेट, सिलिकोन किंवा पॉलिईथर जातीची द्रव्ये करतात. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचा थेंब बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यात शिरतो, त्यावर पसरतो, पापुद्रा तेथे विरळ होतो आणि फुटतो. मात्रा अत्यल्प लागते. बहुधा कारखान्यातच ते औषधात मिसळलेले असते.

परंतु न विरघळण्याचा जो गुण, तोच त्याचा दोष. गोदामात पडून राहिलेल्या पिंपात फेसनाशक हळूहळू वर तरंगते. पिंप न ढवळता तळाच्या तोटीतून औषध काढले, तर फेसनाशक मागेच राहते, आणि चांगल्या कंपनीच्या मालातूनही फेसाळ काँक्रीट निघते. बिचाऱ्या सिमेंटला मात्र बोल लागतो!

येथे एक भेद सांगितल्यावाचून राहवत नाही. औषधाने आलेले बुडबुडे बारीक आणि गोल असतात. व्हायब्रेटर नीट न फिरवल्याने राहिलेली भोके मोठी आणि वेडीवाकडी असतात. सेंटरिंग काढल्यावर गिट्टी उघडी पडते ती यामुळे. तिसरी पोकळी डोळ्यांना दिसतच नाही : जादा पाणी उडून गेल्यावर उरणारी सूक्ष्म छिद्रे. एम-२० काँक्रीटला भारतीय मानक ४५६ प्रमाणे नाममात्र मिश्रणात ५० किलोच्या पोत्यामागे ३० लिटरच पाणी चालते. मिस्त्री मात्र ‘माल सैल करा’ म्हणत घमेल्याने पाणी ओततो. फेसनाशक या तिघांपैकी केवळ पहिल्यावरच चालते. जो विक्रेता ते तिन्ही रोगांवर खपवील, त्याच्यापासून सावध राहावे.

विद्यार्थ्यांना हे तराजूवर पडताळता येईल. दीडशे मिलिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान ३.३७५ लिटर भरते. नीट कुटलेल्या साध्या काँक्रीटचा असा घन सुमारे ८.१ किलो असतो. त्याच गिट्टीचा, त्याच प्रमाणाचा, पण पाच टक्के हवा जादा शिरलेला घन साधारण ७.७ किलो भरेल. चारशे ग्रॅमचा हा फरक किराणा दुकानातल्या काट्यावरही दिसतो. मात्र दोन्ही घन एकाच दिवशी, साच्यातून काढल्याबरोबर तोलावेत.