‘केवढ्याला घेतली?’

एखाद्याने नवे घर बांधले तर ते पाहावयास लोक आमंत्रणावाचून जात नाहीत. नवा कोट शिवला तर त्याविषयी एखादा बरा शब्द बोलून मंडळी आपापल्या कामाला लागतात. परंतु कोणी नवी सायकल आणून रस्त्याच्या कडेला उभी केली, की ओळखीची आणि अनोळखी अशी चार माणसे आपोआप तिच्याभोवती गोळा होतात. एकजण घंटी वाजवून पाहतो, दुसरा अंगठ्याने टायर दाबतो, तिसरा पायडल उलटे फिरवून फ्रीव्हीलची कुरकुर कान देऊन ऐकतो, आणि पाच मिनिटे होण्याच्या आत कोणीतरी तो ठरलेला प्रश्न विचारतो, “केवढ्याला घेतली?”

ह्या प्रश्नाविषयी आणि त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या संभाषणाविषयी आज मला बोलावयाचे आहे.

आपल्याकडे सायकलीला प्रथम ‘पायगाडी’ म्हणत. स्वातंत्र्यापूर्वी ती बहुतेक विलायतेहूनच यावयाची. रॅले, हंबर, बी. एस. ए., हर्क्युलिस ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीला घरातल्या माणसांच्या नावांसारखी पाठ होती. पुढे 1949 साली मद्रासेस टी. आय. सायकल्स, 1951 साली सोनीपतला ॲटलस आणि 1956 साली लुधियान्यास हीरो, असे देशी कारखाने निघाले आणि सायकल कारकुनाच्या, शिक्षकाच्या, गवळ्याच्या आटोक्यात आली. तरीही ती आयुष्यातून एकदाच होणारी खरेदी असे. त्यामुळे ती घेण्यापूर्वी महिनाभर आणि घेतल्यावर वर्षभर तिच्याविषयी चर्चा चाले. नगरपालिकेचा बिल्ला लावला का, रात्रीसाठी तेलाचा दिवा घेतला की डायनामो बसविला, सीट चामड्याची की रेक्झिनची, असे एक ना दोन, शंभर मुद्दे असत. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडे. आमच्या ख्रिस्ती वस्तीत फादर येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडीत, आणि मग त्यांचेही लक्ष हळूच ब्रेकच्या दांड्यांकडे जाई!

ही चर्चा पोकळ नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. सायकलीबरोबर कोणी पुस्तक देत नसे. सीट किती उंच ठेवावी, साखळीला तेल कोठे घालावे, चढावर उभे राहून पायडल कसे मारावे, हे सारे ज्ञान त्या कडेला उभ्या असलेल्या चार माणसांकडूनच मिळे. नवी सायकल सर्वांना दाखविणे ही बढाई होती खरी. पण त्या बढाईच्या आडून पुष्कळ शिक्षण होत असे.

आता काळ पालटला आहे. आमच्या बेळगावात दर रविवारी सकाळी कॅम्पातून हिंडलगा, सुळगा, उचगाव असे करीत शिनोळीच्या हद्दीपर्यंत सायकलीवर जाणारी एक मंडळी आहे. मीही तिच्यात असतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोन डॉक्टर, एक किराणा दुकानदार, महाविद्यालयातली तीन-चार मुले आणि रेल्वेत फिटर म्हणून आयुष्य घालविलेले एक म्हातारबुवा, असा हा सरमिसळ मेळा आहे. वाटेत एका चहाच्या टपरीपाशी थांबावयाचे, आणि कोणी नवी सायकल आणली असेल तर तिची तपासणी करावयाची, असा शिरस्ता पडून गेला आहे.

तपासणीचा पहिला विधी म्हणजे सायकल उचलणे. दोन बोटांवर ती उचलली गेली की सगळे ‘वा!’ म्हणतात. जुनी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरे. आज कार्बनच्या सांगाड्याची शर्यतीची सायकल सात-आठ किलोंत बसते. जागतिक सायकल संघटनेने शर्यतीसाठी 6.8 किलोंची किमान मर्यादाच घालून दिली आहे. तिच्याहून हलकी सायकल स्पर्धेत चालत नाही. आमच्या डॉक्टरांची सायकल ह्या मर्यादेच्या अगदी जवळ येऊन पोहोचली आहे. परंतु डॉक्टरसाहेबांचे स्वतःचे वजन पंच्याण्णव किलो असल्याकारणाने त्या हलकेपणाचा लाभ नेमका कोणाला होतो, हा प्रश्न चहाबरोबर दर रविवारी चघळला जातो. तेही त्यात हसून भाग घेतात.

उचलून झाल्यावर गिअर मोजतात आणि मग किंमत विचारतात. येथे मात्र एक गोष्ट घडते, आणि ती मी अनेकदा पाहिली आहे. किंमत भारी निघाली तर संभाषण अर्धा तास चालते. किंमत सामान्य निघाली तर “बरी आहे की!” एवढे म्हणून मंडळी दुसरीकडे वळतात. ज्याला सल्ल्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच सायकलीकडे सर्वांत कमी डोळे वळतात.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा एक मुलगा आमच्यात आला. माझ्याच हाताखालून दहावी झालेला. वर्षभर पैसे साठवून त्याने पार्सलने एक लाल सायकल मागविली होती. ती खोक्यातून सुटी येते आणि घरी जोडावी लागते. त्याने ती शेजारच्या एका माणसाकडून जोडवून घेतली होती. त्याच दिवशी बँकेच्या गृहस्थांनी आपली लाखाच्या पुढची नवी सायकल प्रथमच आणली होती, त्यामुळे सारा घोळका तिकडे जमला. मुलगा आपली सायकल टपरीच्या खांबाला टेकवून बाजूला उभा राहिला. त्याला कोणी किंमत विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही.

म्हातारबुवा तेवढे कपबशी हातात घेऊन त्या लाल सायकलीपाशी गेले. थोडा वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, “बाळा, बस बघू की हिच्यावर. आता हँडल वळव. पाय कुठं लागतोय?”

“चाकाला लागतोय, काका. वळताना नेहमीच लागतो.”

“लागणारच की रे. चिमटा उलटा बसवलाय तुझा.”

श्रोतेहो, पुढच्या चाकाला धरणारा जो दुभंगलेला दांडा, त्याला आपण चिमटा म्हणतो. तो खाली जाताना पुढच्या बाजूस झुकलेला असतो, आणि चाकाचा आस त्यामुळे किंचित पुढे राहतो. हँडल सरळ ठेवून चिमटा उलट दिशेने बसविला तर चाक मागे सरकते, बुटाच्या टोकाला घासू लागते आणि सायकल वेगात असताना वळणावर बुजऱ्या घोड्यासारखी वागते. सुटी मागविलेल्या सायकलींत ही चूक फार आढळते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे : अशा सायकलीचा पुढचा ब्रेक बहुधा चिमट्याच्या पुढे न राहता मागे गेलेला दिसतो. तो मुलगा पंधरा दिवस पहाटेच्या काळोखात, पाठीवर अंकांचा गठ्ठा घेऊन, ह्याच सायकलीवर उतार उतरत होता.

म्हातारबुवांनी हँडलच्या दांड्याचा बोल्ट सैल केला, रुमालात गुंडाळलेल्या दगडाने त्यावर एक हलकी टपली मारली, चिमटा अर्धा फेरा फिरविला, ब्रेकची तार नीट वळवून घेतली आणि बोल्ट पुन्हा आवळला. दहा मिनिटांचे काम! तोपर्यंत लाखाच्या सायकलीभोवतीचा घोळका ह्या बाजूला केव्हा येऊन उभा राहिला, हे कळलेही नाही. मग मात्र प्रत्येकाला आपल्या सायकलीविषयी शंका येऊ लागल्या. बँकेच्या गृहस्थांचे डावे पायडल सैल निघाले. सायकलीच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे नव्हे तर डावीकडे फिरवून आवळावे लागते. हे ठाऊक नसलेला मनुष्य जोर लावून आटेच झिजवितो, आणि मग नवीन क्रँक घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लाखाची सायकल विकणाऱ्यानेही ते नीट आवळलेले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की किंमत जरूर विचारावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तो पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न ‘बसून दाखवता का?’ हा असावा. मनुष्य सायकलीवर बसला की पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर सीटची उंची जवळजवळ बरोबर आहे. मग चवडा ठेवून पायडल मारले म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे निम्मे सायकलस्वार सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून, आणि नंतर गुडघ्यांना दोष देतात.

गिअरचीही तीच कथा. एकवीस गिअर, चोवीस गिअर असे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. त्यांचा उपयोग काय, हे सांगणारे थोडे. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते. सपाटीवर हे उत्तम. राजहंसगडाच्या चढावर मात्र जीव निघतो. पुढे 28 आणि मागेही 28 दात्यांचे चक्र लावता आले, तर एका फेऱ्यास एकच फेरा. पाय अधिक वेळा फिरवावे लागतात, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो. गिअर फुकटची ताकद देत नाही, श्रमाची वाटणी करून देतो. हे एकदा समजले की चढाच्या मध्यावर, साखळी ताणलेली असताना, खडाखड गिअर बदलण्याची घाई कोणी करीत नाही; चढ सुरू होण्यापूर्वीच तो बदलून घेतो.

आणखी एक नवलाची गोष्ट. सायकल जितकी महाग, तितक्या तिच्यासोबत वस्तू कमी! घंटी नाही, दिवा नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँडदेखील नाही. आमच्या दुकानदार मित्राने डॉक्टरांना एकदा विचारलेच, “उरलेली सायकल केव्हा येणार?”

किंमत हा विषय संभाषणातून समूळ गेला तर काय होते, हे मी शाळेच्या अंगणात पाहिले आहे. कर्नाटक शासनाने 2006-07 सालापासून आठवीतील मुलामुलींना सायकली देण्याची योजना चालविली होती. करोनाच्या साथीच्या काळात ती थांबली. वाटपाच्या दिवशी अंगणात सारख्याच रंगाच्या, सारख्याच बांधणीच्या सायकलींची रांग लागे. कोणाची महाग, कोणाची स्वस्त हा प्रश्नच नव्हता. मग मुले बोलत कशाविषयी? माझी घंटी तुझ्याहून खणखणीत आहे; माझा मागचा ब्रेक रडतो; तुझी चालवून पाहू का? मुली हँडलला रिबिनी बांधून आपापली सायकल ओळखू येईल अशी करीत. दोन दिवसांत कोणत्या सायकलीचा नट सैल आहे, ही वार्ता वर्गभर झालेली असे आणि कोणाच्या तरी वडिलांचा पाना दप्तरातून शाळेत आलेला असे. पूर्वी मैलभर अंतरावरून एकट्या येण्यास बिचकणाऱ्या मुली आता पाच-सहाच्या जथ्याने येऊ लागल्या. बिहारमध्ये 2006 साली नववीतील मुलींसाठी अशीच योजना निघाली होती. तिच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आमच्या अंगणातील आकडे मी मोजून ठेवलेले नाहीत. सायकली लावण्यास जागा पुरेनाशी झाली, एवढे मात्र मी पाहिले आहे.

ह्या व्यवहारात सर्वच सुखाचे आहे असे नाही. 3 जून 2020 रोजी ॲटलस कंपनीने साहिबाबादच्या आपल्या उरलेल्या कारखान्यातील काम थांबविले. संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली जागतिक सायकल दिन म्हणून ठरविलेला दिवसही नेमका तोच. आमच्या म्हातारबुवांची सायकल ॲटलसचीच आहे. ती बातमी आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढल्या रविवारी मात्र सायकल धुऊनपुसून, आऱ्यांना तेलाचा हात देऊन घेऊन आले होते.

सध्या आमच्यापुढे एक नवीन प्रकरण आहे. इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिकाबाई मंडळीत आल्या आहेत. त्यांनी नुकतीच सायकल घेतली. त्यांच्या दृष्टीने ती नवी, पण वस्तुतः ती कोणा वृद्धाच्या पडवीत पंधरा वर्षे उभी असलेली काळी, चोवीस इंची, मधल्या दांडीची सायकल आहे. किंमत त्यांनी आपण होऊनच सांगितली, आणि ती ऐकून कोणी तोंड फिरविले नाही. म्हातारबुवांनी त्यांना बसावयास सांगितले. सीट अगदी तळाला नेली तरी टाच पायडलाला पोहोचेना. सांगाडाच त्यांच्या उंचीला मोठा आहे. डॉक्टर म्हणतात, ती विकून लहान सांगाड्याची घ्यावी. बँकेचे गृहस्थ म्हणतात, त्यांच्या भाचीची वीस इंची सायकल माळ्यावर पडून आहे, तिच्याशी अदलाबदल करावी. बाईंना मात्र तिच्या घंटीचा आवाज आवडला आहे. येत्या रविवारी वीस इंची सायकल टपरीवर यावयाची आहे. बाई तिच्यावर बसून पाहतील, मग काय ते ठरेल. घंटी इकडची काढून तिकडे बसविता येते, हे म्हातारबुवांनी त्यांना सांगून ठेवले आहे. आणि मडगार्ड कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत, ह्यावर आमच्या मंडळीचे प्रथमच एकमत झाले आहे. बेळगावचा पाऊस सर्वांनाच ठाऊक आहे.