गावातल्या शिपायांची वही

(जिल्हा मेळाव्यात तोफखान्यातील एका निवृत्त हवालदाराने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणे चालू असताना मध्येच एक माजी शिपाई बोलायला उभा राहिला, याचे काही जणांना नवल वाटले असेल. माझे सोयरपण तुमच्याशीच आहे. मी ज्वारी-कपाशीच्या गावचा. बाप कोरडवाहू शेती करायचा. एक पोरगा शेतावर, एक फौजेत, अशी आमच्या घराची वाटणी झाली. तुमच्यातल्या किती घरांत अशी वाटणी झाली आहे, ते हात वर करायला सांगितले तर या मांडवात मोजता येणार नाही. फौजेतून सुटलो तेव्हा पोटामागे कल्याणला गेलो आणि तिथेच राहिलो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कोणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा, कोणी कारखान्याच्या फाटकावर, कोणी सकाळची लोकल धरून मुंबईला. त्यातले आम्ही काही जण महिन्याकाठी एकत्र बसतो. २६ जुलैला कारगिल दिनी स्मारकावर जातो, शाळांत जाऊन पोरांशी बोलतो, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला डबा घेऊन फिरतो. एरवी कागद लिहितो. या कामाला पगार नाही. हे काम का करतो आणि त्याचा तुमच्याशी काय संबंध, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी तोफखान्याची रीत सांगतो. पायदळाच्या पलटणीला निशाण असते. तोफखान्याला वेगळे निशाण नाही. तोफ हेच आमचे निशाण. संचलनात तोफा पुढून गेल्या की त्यांना मान द्यायचा, तोफ शत्रूच्या हाती पडू द्यायची नाही, ही शिकवण पहिल्या दिवसापासून मिळते. दसऱ्याला तिला हार-कुंकू होते. शहरात हे सांगितले की पोरे हसतात, लोखंडाला कसला मान म्हणतात. तुम्ही हसणार नाही. पोळ्याला तुम्ही बैलाचे खांदे तुपा-हळदीने शेकता, त्याला झूल घालता, पुरणपोळी चारता. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याचा मान करायचा, ही रीत तुम्हाला समजावून सांगावी लागत नाही.

बैलाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तोफ आणि शेतकरी यांचा संबंध पोरगा भरती होण्यापासून सुरू झाला असे नाही. मोटारी आल्या नव्हत्या तेव्हा तोफ ओढायची कोणी? बैलांनी. म्हैसूर राज्यात तर या कामासाठी अमृतमहाल ही बैलांची जात जोपासली गेली. हैदर-टिपूच्या फौजेने तिच्यावर तोफा ओढल्या आणि टिपू पडल्यावर इंग्रजांनीही त्याच बैलांवर आपला तोफखाना हाकला. मराठ्यांच्या तोफखान्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या सोनोरीच्या पानसे घराण्याकडे होते. सासवडजवळचा मल्हारगड त्यांनीच बांधला. पानसे सरदार झाले, त्यांचे नाव राहिले, ते योग्यच आहे. पण चिखलात रुतलेला तोफेचा गाडा काढण्यासाठी बैलांच्या शेपट्या पिळणारा गाडीवान कुणब्याचा होता आणि त्या बैलांना लागणारा कडबा ज्वारीच्या शेतातून आला होता.

आमच्या ठाण्याचीच गोष्ट घ्या. मार्च १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांचा सेनापती पेद्रो द मेलो ठाणे परत घ्यायला खाडीतून गलबते घेऊन आला. काठावरून तोफा सुटल्या, गोळा लागून तो मेला आणि चढाई मोडली. पुढच्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, वसई पडली. चिमाजीअप्पांचे नाव आपण घेतो, घ्यायलाच पाहिजे. त्या दिवशी खाडीकाठी तोफेला बत्ती देणाऱ्याचे नाव कोण घेतो? तो ठाण्याचा किल्ला आज तुरुंग आहे, मध्यवर्ती कारागृह. लोकलमधून जाणाऱ्या लाखो माणसांना तिथे किल्ला आहे हेही ठाऊक नसते.

कल्याणची तऱ्हा थोडी बरी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत जहाजे बांधायला घेतली. त्याची आठवण म्हणून नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही लढाऊ नौका दुर्गाडीजवळ आणून ठेवली आहे. डोंबिवलीत घारडा सर्कलला कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचे स्मारक उभारले गेले. आणि गडांवर मातीत पडलेल्या जुन्या तोफांसाठी सागवानी गाडे करून द्यायचे काम सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांची तरुण पोरे वर्गणी काढून करतात. सामान खांद्यावर वाहून गड चढतात. सरकारी ठरावाची वाट न बघता पोरे हे करतात, म्हणून मला त्यांचे कौतुक आहे.

तोफखान्याचा स्थापना दिवस २८ सप्टेंबर. का? तर १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्यात गोलंदाजांची एक तुकडी उभी राहिली. तीच पुढे पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी झाली आणि आजही ती आपल्या सैन्यात आहे. गोलंदाज म्हटले की आताच्या पोरांना क्रिकेट आठवते. शब्द मूळचा तोफेवरच्या माणसाचा. डोंगरी तोफखान्याची तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर लादत, चढावर नेत आणि वर पुन्हा जोडत. महाराष्ट्राचे तोफखान्याशी नाते आजही तुटलेले नाही. तोफखान्याची शाळा देवळालीला, रंगरुटांचे केंद्र आणि साऱ्या तोफचींचे दप्तर नाशिकरोडला.

आता बोफोर्स. हा शब्द तुम्ही सर्वांनी ऐकला आहे, पण लाचेच्या संदर्भात. १९८६ साली ४१० तोफांचा करार झाला, १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओने लाचेची बातमी फोडली आणि तो शब्द निवडणुकीच्या सभांत शिवीसारखा वापरला गेला. लाच कोणी खाल्ली त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण तीच तोफ १९९९ मध्ये कारगिलला कामाला आली. शत्रू वर कड्यावर, आपण खाली रस्त्यावर. एरवी तोफ डोंगराआडून मारते, तोफचीला आपला गोळा कुठे पडला ते दिसतही नाही. पुढे बसलेला निरीक्षक वायरलेसवर सांगतो आणि त्याप्रमाणे नळी फिरवायची. कारगिलला कित्येक ठिकाणी तोफा थेट समोर आणून, शत्रूच्या डोळ्यांदेखत, सरळ नेम धरून मारल्या. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे आणि रॉकेटे डागली. त्या माऱ्याच्या आडोशाने पायदळाची पोरे कडा चढली. २०२२ साली द्रासजवळच्या ५१४० या शिखराला ‘गन हिल’ हे नाव दिले गेले. त्या दिवशी कारगिलमध्ये लढलेले निवृत्त तोफची स्मारकावर फुले वाहायला हजर होते. तेवीस वर्षे लागली, पण नाव लागले.

मंडळी, मुद्दा इथेच आहे. नाव लागणे.

महाराष्ट्रात पुष्कळ गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी असते. इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर लावलेली. तिच्यावर लिहिलेले असते, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांतील इतके मेले. बस. गावाने किती माणसे दिली त्याचा आकडा आहे, माणसांची नावे नाहीत. जणू किती पोती कापूस गेला आणि किती भिजला!

तुम्ही म्हणाल, पाटी लहान, नावे मावली नसतील. मग बसऱ्याचे ऐका. मराठा पलटणी त्या युद्धात इराकात लढल्या, कूटच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. त्या आघाडीवर मेलेल्यांचे मोठे स्मारक बसऱ्याला बांधले. गोऱ्या शिपायांची नावे एकेक कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा लिहिला. तिथे जागा कमी नव्हती, नियत कमी होती. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली अहवाल काढून हे मान्य केले आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आपले सरकार आले तेव्हा काय झाले? दिल्लीला नावानिशी राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २०१९ साल उजाडले. तिथे २५,००० हून अधिक नावे दगडात कोरली आहेत. उशीर झाला, पण काम नीट झाले.

आपल्या माणसांचा आकडा होतो आणि नाव मागे राहते, हे कपाशीच्या गावाला दुसऱ्याने येऊन सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरात फास लावून घेतलेल्या धन्याचा फोटो भिंतीवर आहे, त्या माउलीला विचारा. तो सरकारच्या तक्त्यात आकडा असतो. तिच्या घरात त्याला नाव असते.

तुम्हाला वाटेल, नावे कोरून पोट भरते का? भरते, हेच मी सांगायला आलो आहे. तुम्ही सातबारा जाणता. बाप गेला, वारसाची नोंद लागली नाही, फेरफार झाला नाही, तर जमीन कसणारा पोरगा कागदावर उपरा ठरतो. पीककर्ज नाही, अनुदान नाही. फौजेत तसेच आहे. शिपायाचे लग्न झाले, मूल झाले, की पलटणीतून नोंद निघते. तिला आम्ही पार्ट टू ऑर्डर म्हणतो. ती नाशिकरोडच्या दप्तरात जाऊन बसते. शिपाई गेला की त्या नोंदीवरून बायकोची पेन्शन सुरू होते. नोंद चुकली की माउली अडली.

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. आमच्याकडे एक काकी आल्या. पलटणीच्या नोंदीत माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच, तेही एक अक्षर चुकलेले. धनी वारल्यावर एका कचेरीने सांगितले, या तिन्ही बाया वेगळ्या. घरात धन्याची पदके पेटीत जपून ठेवलेली, पण डिस्चार्ज बुक पावसात भिजून गेलेले. त्यांना धन्याचा सैन्यातला क्रमांकही ठाऊक नव्हता. तो क्रमांक मिळाला त्याच्या एका जुन्या सोबत्याकडून. दोघे एकाच तोफेवर होते. तोफेवरची माणसे एकमेकांचा क्रमांक विसरत नाहीत. मग प्रतिज्ञापत्र केले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवला, आणि काही महिन्यांनी पेन्शन चालू झाली. आम्ही स्मारकावर फुले वाहतो, त्याचबरोबर हे कागदही लिहितो. मेलेल्याला सलाम करायचा आणि त्याची बायको कचेरीच्या पायरीवर बसलेली बघायची, असले स्मरण आम्हाला नको.

या कामाला घाई आहे. आमच्यातले जुने लोक भराभर जात आहेत. १९६५ आणि १९७१ ला लढलेले आता थोडे उरले. तोफखान्यातल्यांचे तर कान आधीच गेलेले असतात. नाती-पणत्या विचारतात, आजोबा, लढाईत काय झाले, आणि आजोबांना ऐकूच येत नाही. म्हणून लिहून घ्या.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावाने एक वही करावी. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. एका शिपायाला एक पान. त्यावर सैन्यातला क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, भरती आणि सुटल्याचे वर्ष, कुठे कुठे लढला, पेन्शनच्या कागदाचा क्रमांक. बायकोचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे. मुलांच्या जन्मतारखा. जो गेला असेल त्याचेही पान असू द्या. गावात महायुद्धाची पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा पहिल्या पानावर उतरवून घ्या आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, यातली कोणती घरे आठवतात? चार नावे मिळाली तरी चार माणसे आकड्यातून बाहेर आली. वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा, एक नक्कल दुसऱ्या घरात ठेवा. दरसाल १४ जानेवारीला ती उघडा. त्या दिवशी बहुतेक वर्षी संक्रांत असते, पानिपतचा दिवस असतो आणि आता माजी सैनिकांचा दिवसही असतो. तिळगूळ वाटता वाटता ज्या कोणाचा हयातीचा दाखला राहिला असेल, कोणाची नोंद चुकली असेल, ते विचारून घ्या.

शास्त्रीजींनी १९६५ साली जवान आणि किसान एका घोषणेत बसवले. आपल्याकडे ते आधीपासून एका घरात, एका ताटात जेवत होते. घोषणा भिंतीवर रंगवून झाली, घरातल्या माणसाचे नाव मात्र लिहायचे राहिले. पुढच्या मेळाव्याला येताना आपापल्या गावची वही घेऊन या. ज्यांना कागद समजत नाहीत त्यांना आम्ही मांडवातच बसून समजावून देऊ. दोन-तीन जण कल्याणहून माझ्याबरोबर येणार आहेत, त्यांनी तसा शब्द दिला आहे.

जय जवान, जय किसान.