झोपेतला मार आणि जागणारी बाई
(सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



केंद्रात बसणाऱ्या तुमच्यापैकी काहीजणींना ही बाई भेटली असेल. वय पंचावन्न-साठ. दंडावर काळेनिळे डाग. नवरा मारतो का, असं विचारलं की ती गोंधळते. "दिवसा कधी हात उचलला नाही हो त्यांनी. आता दोन वर्षं झोपेत मारतात, लाथा झाडतात, ओरडतात. सकाळी म्हणतात, काही आठवत नाही." शेजारणी म्हणतात ढोंग आहे, सासरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे. आपल्या वहीत 'मारहाण' हा एकच रकाना असतो.

स्वप्न पडत असताना आपली बुबुळं पापण्यांआड भराभर फिरतात, पण हातापायांचे स्नायू मेंदूने जवळजवळ बंद ठेवलेले असतात. म्हणून स्वप्नात कितीही धावलो तरी आपण अंथरुणातच असतो. काही माणसांत मेंदूच्या बुडाशी असलेली ही व्यवस्था बिघडते. मग स्वप्नातल्या चोराला घातलेली लाथ शेजारच्या बाईला बसते. अमेरिकेत मिनेसोटा इथल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ साली हा विकार वेगळा म्हणून मांडला. दवाखान्यात येणाऱ्यांत पन्नाशीपुढचे पुरुष जास्त. दुसरं कारण सापडत नाही अशा बहुतेकांना पुढे, कधी दहा-पंधरा वर्षांनी, कंपवात किंवा 'लेवी बॉडी' प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो. म्हणजे हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी आजार पाहिलेला असतो तो बायकोने. तिला विचारतं कोण?

आता तुमच्या मनातलं मीच बोलते. उद्या प्रत्येक मारकुटा नवरा 'झोपेत झालं' म्हणेल. म्हणेलच! म्हणून नीट विचारायला शिकलं पाहिजे. रात्री किती वाजता? हा विकार बहुधा उत्तररात्री दिसतो. डोळे मिटलेले होते का? हलवून जागं केलं की तो चटकन भानावर येतो, पडलेलं स्वप्न सांगतो? हात भिंतीवर, कठड्यावरही आपटतो, त्याला स्वतःलाही लागतं? आधी भांडण झालं होतं, दारू होती? जो उठून, दाराला कडी घालून, बोलत बोलत मारतो, त्याला या आजाराच्या आड लपू देऊ नका. पक्कं निदान रात्रभराच्या झोप-तपासणीनेच होतं, ते डॉक्टरांचं काम. आणि दिवसा मारणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. तेव्हा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा.

तोवर तिने अंथरूण वेगळं घालावं. एका खोलीच्या घरात हे म्हणायला सोपं. मग निदान त्याची गादी जमिनीवर, मध्ये उशा, आसपास काच किंवा विळी नको. 'या वयात वेगळं झोपतेस?' या एका टोमण्यापायी बायका वर्षानुवर्षं मार खातात. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम डॉक्टर देतात. दुसऱ्याने म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालूनच दवाखान्यात जायला सांगा.

स्मृतिभ्रंशाचा आणखी एक प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात रात्र वेगळ्या तऱ्हेने मोडते. दिवस-रात्र सांगणारं मेंदूतलं घड्याळच झिजतं. दिवेलागणीला तगमग सुरू होते आणि रात्री दोनला सासूबाई 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणून कडी काढतात. उठते ती सून. पहाटे पाणी भरायलाही तीच. सकाळी उन्हात बसवा, दुपारी फार झोपू देऊ नका, संध्याकाळनंतर चहा नको, हे सगळे उपाय खरे आहेत. पण ते करणारे हात कुणाचे, हे धरूनच चालतात सगळे. डॉक्टर विचारतात, पेशंटला झोप लागते का? तुम्हाला लागते का, हे क्वचितच. शेवटी झोपेची गोळी मागितली जाते, आणि तिने गोंधळ वाढतो, पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो.

अशा घरी गेलात तर कागद घ्या आणि सात रात्रींपुढे नावं लिहायला लावा. एका घरी मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मला सकाळी कामावर जायचं असतं." त्याची बायकोही नोकरीच करत होती, सात-पाचची लोकल धरून. बऱ्याच वादावादीनंतर शुक्रवार-शनिवारची रात्र त्याच्या नावावर लागली. बुधवार गावाहून आलेल्या दिराने घेतला.