वखारीपुरती जागा

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय कसे आले आणि कसे स्थिरावले, हा आजचा विषय. लातूर-नांदेडच्या माणसाला समुद्राशी काय कर्तव्य, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिचे उत्तर आपल्या शेजारीच, तेर येथे आहे. प्राचीन तगर नगरी ती हीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतजवळ उतरला, त्याच्या चौदा शतके आधी आपल्या भागातील कापड सागरी व्यापारात होते. मग त्याने भारताचा ‘शोध’ लावला असे आपण का म्हणावे? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून इकडे येताना त्यालाही वाटाड्या घ्यावा लागला होता. समुद्रमार्ग जुनाच होता. तोफांच्या बळावर त्यावर मालकी सांगण्याचा हेतू मात्र नवा होता.

हा हेतू लवकरच प्रकट झाला. १५१० मध्ये गोवा गेले. १५२१ मध्ये चौलला पोर्तुगीज किल्ला उभा राहिला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना तहाने देऊन टाकली. आपल्याच समुद्रात जहाज न्यायचे, तर त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागू लागला. लाखालाखाचे घोडदळ बाळगणाऱ्या सत्तांनीही हे परवाने मुकाट्याने घेतले. राज्य किनाऱ्यावर संपते, अशी त्यांची समजूत होती.

ऑस्ट्रेलियात काय घडले ते पाहा. १७८८ मध्ये इंग्रज सिडनीच्या किनाऱ्यावर उतरले आणि तेथे हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांची भूमी त्यांनी बेवारस मानली. ही कल्पना चूक होती, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला १९९२ साल उजाडले. आपल्याकडे मात्र भूमीला धनी होते, दरबार होते, दप्तरे होती. म्हणून येथे त्यांनी वसाहतीची सुरुवात पुष्कळदा अर्जाने केली. आधी वखारीपुरती जागा, मग वखारीभोवती भिंत, भिंतीवर तोफ, आणि शेवटी तोफेच्या टप्प्यात येईल तेवढा मुलूख! आपल्या बाबतीत खरा प्रश्न ‘त्यांनी काय घेतले’ एवढाच नाही, तर ‘आम्ही काय देऊन बसलो’ हाही आहे.

हे प्रथम ओळखले ते छत्रपती शिवाजी महाराजांनी. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला आणि आपले निशाण लावून गडावर तोफा डागल्या. व्यापारी म्हणून आलेल्यांचे हे वर्तन! महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूर गाठून त्यांना कैदेत टाकले. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली. इंग्रजांनी ती थांबवण्याचा जिवापाड प्रयत्न केला, पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट सोडले नाही.

महाराजांच्या राज्यकारभारात वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या ‘आज्ञापत्रा’त हा अनुभव नियमात बांधला. त्यांचा आशय असा, की इतर सावकार हे केवळ सावकार. टोपीकरांच्या पाठीशी मात्र त्यांचे राजे आहेत. त्यांनी व्यापारासाठी यावे-जावे. परंतु खाडीच्या तोंडाशी, समुद्रतीरी त्यांना जागा देऊ नये. वखार द्यावीच लागली, तर किनाऱ्यापासून आत, सखल जागी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. यात परक्याचा द्वेष नाही, व्यापाराला विरोध नाही. आहे ती सावधगिरी.

ही सावधगिरी होती तोवर यशही होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही कान्होजी आंग्रे यांचा कुलाबा घेऊ शकले नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. आणि मग १७५६ साल आले. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. पण घरचे भांडण मिटवायला नानासाहेबांनी इंग्रजांचे आरमार बोलावले. विजयदुर्गात मराठ्यांचे जहाजी बळ जळाले. अमात्यांचा नियम लिहून चाळीस-एक वर्षेच झाली होती!

याचा मराठवाड्याशी संबंध काय? पाँडिचेरीच्या किनाऱ्यावरील फ्रेंच वसाहतीतून बुसी निजामाच्या पदरी आला आणि त्याने कवायती गारदी पलटणी उभ्या केल्या. त्याच शिस्तीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० मध्ये आपल्या उदगीरच्या रणात मराठ्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध तोफा चालवत होता. समुद्रावरची युद्धपद्धती नव्हे, पण समुद्रमार्गे आलेली युद्धपद्धती लातूरच्या काळ्या मातीत पोहोचली, ती अशी. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने तीच स्वीकारली, तीही वसईच्याच तहाने. जिंकल्यापासून अवघ्या त्रेसष्ट वर्षांनी त्याच वसईत स्वातंत्र्य गहाण पडले. इंग्रजांच्या छायेत टिकलेले निजामाचे राज्य संपायला आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली.

किनारा कोकणचा असतो. त्याच्या असावधतेची किंमत मात्र सारा देश देतो. १९९३ मध्ये स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली, २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले. म्हणून मराठवाड्यातील घराघरांत ‘आज्ञापत्र’ वाचले जावे, येथील तरुणांनी नौदलाकडे आणि तटरक्षक दलाकडे वळावे. ज्या भूमीतील माल दोन सहस्र वर्षांपूर्वी समुद्रापार गेला, तिच्या मुलांना समुद्र परका वाटण्याचे कारण नाही.