व्यंगाचा नेम कुणावर?



आज इथे येण्याआधी तुमच्यापैकी काहींनी मला आपली चित्रं पाठवली. 'एआय'ला सांगायचं, "पिकासोच्या शैलीत अमुक मंत्री काढ", की अर्ध्या मिनिटात त्रिकोणी नाकाचा मंत्री हजर. हसू येतं. पण मंत्र्याचं चुकलं काय, हे त्या नाकातून कळतं का? मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, यंत्राचं कौतुक मलाही आहे. तरी शैली म्हणजे फिल्टर नव्हे. ती काहीतरी म्हणत असते.

जॉन हार्टफील्डचं उदाहरण घ्या. हा मूळचा हेल्मुट हर्झफेल्ड, जर्मन. १९१६ साली, महायुद्ध चालू असताना, देशातल्या इंग्रजद्वेषाचा निषेध म्हणून या गड्याने आपलं नावच इंग्रजी करून घेतलं! बर्लिनच्या दादा चळवळीत तो फोटो कापून, चिकटवून नवं चित्र करायला शिकला. १९३२ मध्ये त्याने भाषण करणाऱ्या हिटलरचा जणू एक्स-रे काढला. पाठीचा कणा सोन्याच्या नाण्यांचा, हृदयाच्या जागी स्वस्तिक. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात सलामीसाठी मागे वळलेला हिटलरचा पंजा आहे आणि मागे उभा असलेला अवाढव्य शेठ त्यात नोटा ठेवतोय. ओळ काय, तर 'माझ्यामागे लाखो उभे आहेत'. लाखो माणसं की लाखोंच्या नोटा? इथे फोटो कापण्याची शैली हाच युक्तिवाद आहे. नेता जे लपवतो ते शेजारी आणून चिकटवायचं. शिवाय चित्र रचलेलं आहे हे उघड कळतं. डीपफेकला तुमचा विश्वास हवा असतो, हार्टफील्डला तुमचा संशय हवा होता.

एप्रिल १९३३ मध्ये एसएसचे लोक त्याच्या घरात घुसले. बाल्कनीतून उडी मारून तो निसटला, प्रागला गेला आणि तिथूनही हेच करत राहिला.

आता त्याच काळातलं 'देर श्टुर्मर' हे नाझी साप्ताहिक बघा. त्यातही व्यंगचित्रंच होती. पण तिथे ज्यू माणसाला नाव नव्हतं, त्याने काय केलं तेही नव्हतं. होतं ते एकाच साच्यातलं वाकडं नाक. संपादक युलियुस श्ट्रायखर याला १९४६ साली न्यूरेंबर्ग खटल्यानंतर फाशी झाली.

हा साचा आपल्याला नवा नाही. दाढी, टोपी, हातात सुरा असं चित्र कधी ना कधी आपल्या फोनवर आलेलंच आहे. पण मला आज काळजी आहे ती आपल्या हाताची. राग आला की नेत्याचा निर्णय बाजूला राहतो आणि आपण त्याची शेंडी, टिळा, जात काढायला लागतो. यंत्र तर याला मदतच करतं. त्याने पाहिलेल्या लाखो चित्रांतली नेहमीची खूण ते आधी पुढे करतं.

चांगली बाजूही यात घसरते. स्पेनच्या यादवी युद्धात पिकासोने १९३७ मध्ये 'फ्रँकोचं स्वप्न आणि असत्य' ही अठरा चौकटींची चित्रमाला केली. जनरल फ्रँकोला त्याने एक लिबलिबीत, विचित्र प्राणी केलं. गेर्निकावरच्या बॉम्बफेकीनंतर शेवटच्या काही चौकटींत रडणाऱ्या बायका आल्या. चित्रं विकून पैसा प्रजासत्ताकाला द्यायचा होता. नेम थेट फ्रँकोवर. पण त्याच प्रजासत्ताकाच्या एका गाजलेल्या पोस्टरवर फ्रँकोच्या बाजूच्या जहाजात सेनापती, बिशप, भांडवलदार आणि त्यांच्यासोबत मोरोक्कन सैनिक दाखवलेत. पहिले तिघे सत्तेची रूपं आहेत. मोरोक्कन मात्र वसाहतीतून भरती केलेला गरीब मुसलमान. त्याच्यावर हसायचं ते कशासाठी?

अशा चित्रांनी निवडणुका जिंकता येतात असं मात्र समजू नका. १९७२ मध्ये वॉरहॉलने निक्सनचा चेहरा भडक हिरवट रंगवला आणि खाली प्रतिस्पर्ध्याला, मॅकगव्हर्नला, मत द्या असं लिहिलं. निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत जिंकला.

आता तुमची चित्रं पडद्यावर लावूया. ज्याचं चित्र असेल त्याने आधी एका वाक्यात सांगायचं: या नेत्याने नेमकं केलं काय? नाव, धर्म, पक्ष नको. फक्त काय केलं तेवढंच.