घसरती शिडी आणि उतावीळ आकडा

बारावीतली एक मुलगी. घर देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत. फळ्यावरचं गणित असं: 5 मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय सेकंदाला अर्धा मीटर या वेगानं भिंतीपासून लांब सरकतो आहे. पाय 3 मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं खाली येईल?

मुलगी हुशार. पायथागोरस तिला झोपेतून उठवून विचारला तरी येईल. तिनं 3 चा वर्ग अधिक उंचीचा वर्ग बरोबर 25 असं मांडलं, डेरिव्हेटिव्ह काढला, आणि उत्तर आलं शून्य. शिडी हलेचना! सरांनी वहीत डोकावून पाहिलं नि म्हणाले, "अगं, तू तर शिडीच्या पायाला खिळा ठोकलास. आता ती घसरणार कशी?"

आकडा चुकीचा नव्हता; तो लवकर आला होता. पायाचं अंतर आधी बदलतं ठेवायचं, त्याला नुसतं 'क्ष' म्हणायचं, काळाच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढायचा आणि त्यानंतर 3 ला आत घ्यायचं. तसं केलं की उत्तर येतं सेकंदाला साडेसदतीस सेंटिमीटर. बदलत्या दरांच्या या प्रकरणात मुलं अडतात ती बहुतेक इथंच. सूत्रं पाठ असतात, पण हाती आकडा आला की तो कुठंतरी बसवल्याशिवाय चैन पडत नाही.

थांबायला लावणं हे देवळालीला नवं नाही. मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. त्या कंटाळ्यानं नि उकाड्यानं डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणू लागले. देवळालीचाच तो अपभ्रंश, आणि त्याला जोडून येणारा 'टॅप' म्हणजे आपला ताप. कॅम्पातल्या मुलांना हा किस्सा ठाऊक असतो. गणिताच्या तासाला तो आठवत नाही, एवढंच.

शिडीकडे परत येऊ, कारण तिची खरी गंमत पुढं आहे. पाय तसाच संथपणे सरकतो आहे, पण वरचं टोक जमिनीपासून 1 मीटरवर आलं की त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर होतो. 10 सेंटिमीटरवर आलं की 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटर. हायवेवरच्या गाडीचा वेग! आणि जमिनीला टेकताना? समीकरण म्हणतं, अनंत. खरी शिडी असला वेडेपणा करत नाही. तिचं टोक त्याआधीच भिंत सोडतं. समीकरणात मात्र टोक भिंतीला टेकलेलंच राहील असं गृहीत धरलेलं असतं.

ही गणितं परीक्षेसाठी रचलेली वाटतात, पण त्यांचा उगम शिकवण्याच्या तळमळीत आहे. लंडनच्या विल्यम रिची यांनी 1836 साली सामान्य विद्यार्थ्यांसाठी कलनशास्त्राचं पुस्तक लिहिलं आणि त्यात बदलत्या दरांची अशी उदाहरणं घातली. शांत पाण्यात दगड पडून पसरणाऱ्या वर्तुळाचं गणित 1844 च्या, जेम्स कॉनेल यांच्या पुस्तकात सापडतं. साधारण त्याच सुमारास मुंबईत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हाच विषय मराठीत आणत होते. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'शून्यलब्धि'. शब्द फोडून पाहिला तर शून्याकडे जाता जाता हाती लागतं ते. इतकं नेमकं नाव आपण हातचं सोडलं, याची हळहळ वाटते.

पावसाळ्यात तर हे गणित रोज पेपरात छापून येतं. देवळालीजवळून वाहणाऱ्या दारणेवरचं धरण 1916 सालचं. धरणात 11,574 क्युसेकनं दिवसभर पाणी आलं की साठा 1 टीएमसीनं वाढतो, म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. पण पातळी किती चढेल? समजा जलाशय 10 चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मग तासाला साधारण 12 सेंटिमीटर. तोच 20 चौरस किलोमीटरवर पसरला असेल तर 6. आवक तीच, चढण निम्मी. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला पाणी लागलं असं म्हणत पूर मोजणारा नाशिककर दोन दरांची हीच सांगड घालत असतो. नदी पसरट होत जाते, तसं पुढच्या वितीला जास्त पाणी लागतं.

त्या मुलीला दरांची ही सांगड पटली ती मात्र धरणामुळं नाही, दिव्याच्या खांबामुळं. पुढचं गणित सावलीचं होतं: दिवा 6 मीटर उंच, माणूस दीड मीटरचा. तिला वाटलं, माणूस लांब जाईल तशी सावली अधिकाधिक जोरात पळेल. उत्तर निघालं, सावलीचं टोक चालणाऱ्याच्या सव्वापटीहून थोड्या अधिक, पण कायम एकाच वेगानं जातं. 60 सेंटिमीटरच्या पावलाला 80 सेंटिमीटर. विश्वास बसेना. रात्री जेवणं झाल्यावर तिनं धाकट्या भावाला गल्लीतल्या खांबाखाली उभं केलं आणि एकेक सारखं पाऊल टाकायला लावलं. प्रत्येक पावलाला सावलीच्या डोक्याशी ती खडूनं खूण करत गेली. आईची शिवणकामाची टेप लावून पाहिली: 79, 81, 80. चौथं पाऊल टाकलं तेव्हा सावलीचं डोकं रस्त्याकडेच्या गटारात गेलं आणि भाऊ म्हणाला, "ताई, बास आता, डास चावताहेत."